सातबारा नको, मुक्काम सांगा!

१९२० साली मुंबई इलाख्याच्या खेड्यात मतदार व्हायचं, तर जमिनीवर वर्षाला किमान ३२ रुपये सारा लागलेला असावा लागे. रत्नागिरी, पंचमहालसारख्या हलक्या जमिनीच्या मुलखांत १६ रुपये चालत. शहरात घराचं भाडं नाहीतर प्राप्तिकर बघत. पेन्शनीत निघालेल्या फौजी माणसाला सवलत होती. बाकी शेतमजूर, कूळ, बलुतेदार, भाड्याच्या खोलीत राहणारा हमाल यांचा कारभाराशी संबंध एवढाच, की कारभार त्यांच्यावर चाले.

आता आजचा कायदा बघा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २० वं कलम म्हणतं, की केवळ एखाद्या मतदारसंघात तुमच्या मालकीचं घर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडात तीन मजली वाडा आहे, शिवारात दहा एकर ऊस आहे, पण बिऱ्हाड पुण्यात आहे? मग मत पुण्यात. आणि त्याच वाड्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारा कामगार मात्र कुरुंदवाडचा पक्का मतदार. जी मालमत्ता शंभर वर्षांपूर्वी मतदार घडवत होती, ती आज एकटीनं काहीच सिद्ध करत नाही. मतदार यादीच्या साऱ्या इतिहासात याहून मोठी उलथापालथ मला दिसत नाही, आणि ती झाली मधल्या तीस वर्षांत.

सारा भरूनही मत नाही

कुरुंदवाडच्या वाट्याला तर आणखी एक अडचण होती. ३२ रुपये सारा भरणारा इथला मोठा बागाईतदारही मुंबईच्या कौन्सिलात आपल्या गावाचा माणूस पाठवू शकत नव्हता, कारण गाव पटवर्धनांच्या संस्थानात. तेही एक संस्थान नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाटण्या होऊन थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन झालेली. कौन्सिल ब्रिटिश मुलखाचं. संस्थानी गावांना तिथे जागा नाही.

आणि ब्रिटिश मुलूख किती लांब? दूधगंगा ओलांडली की चिकोडी तालुका, बेळगाव जिल्हा, इंग्रजी अंमल. नदीच्या पलीकडचा शेतकरी सारा पुरेसा असेल तर मतदार आणि अलीकडचा त्याचा सोयरा तेवढीच जमीन कसूनही प्रजा. पाणी एक, पीक एक, लग्नं एकमेकांत.

८ मार्च १९४८ रोजी कुरुंदवाडच्या दोन्ही पात्या मुंबई प्रांतात विलीन झाल्या. त्याच मार्च महिन्यात दिल्लीतून, संविधान सभेच्या सचिवालयातून, प्रौढ मताधिकाराच्या पायावर मतदार याद्यांची तयारी सुरू करा अशा सूचना प्रांतांना आणि संस्थानांना निघाल्या. राज्यघटना अजून लिहून व्हायची होती. यादीचं काम मात्र आधी सुरू झालं. संस्थानची प्रजा आणि भारताचा मतदार या दोन नोंदींमध्ये कुरुंदवाडला इतकं कमी अंतर पडलं. जिल्हा पातळीवर बघितलं तर कुरुंदवाड कोल्हापूरच्याही आधी आलं: करवीर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला.

लिहिता-वाचता येतं का?

सगळीच संस्थानं मताधिकाराच्या बाबतीत झोपलेली नव्हती. साताऱ्याकडच्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये स्वतःहून राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. सल्ला गांधीजींचा. पण त्या सल्ल्यात एक अट होती, मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे. त्या काळात अनेक भल्या माणसांना ही अट रास्त वाटे. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अशाच साक्षरतेच्या परीक्षा कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवण्यासाठी वापरल्या गेल्या आणि १९६५ च्या कायद्यापर्यंत त्या टिकल्या.

भारतानं १९५० मध्ये ही अट साफ टाकली. बहुसंख्य जनता निरक्षर असताना. वाचता न येणाऱ्यासाठी चिन्हं काढली. बैलजोडी, झोपडी, कणीस बघून मत द्या म्हणाले. शाळा आधी की मत आधी, या वादात आपण मत आधी दिलं, आणि माझ्या मते ते अगदी बरोबर केलं. ज्याला मत नाही त्याच्या गावात शाळा काढायची घाई कुणाला असते?

नवरा मतदार, म्हणून बायको मतदार

१९१९ च्या कायद्यानं बायकांना मत दिलं नाही. दार मात्र किलकिलं ठेवलं: प्रांतांच्या कौन्सिलांना वाटलं तर त्यांनी ही आडकाठी काढावी. मुंबईत बायकांच्या मतासाठी ज्यांनी आवाज उठवला त्यांत रमाबाई रानडे पुढे होत्या. जन्मगाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. पुढे यशवंतराव चव्हाणही त्याच गावात जन्मले. हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन तर १९१९ मध्ये थेट लंडनला जाऊन ही मागणी मांडून आल्या. १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलनं स्त्रियांवरची बंदी उठवली.

सारा आणि भाड्याच्या अटी मात्र तशाच राहिल्या. सातबाऱ्यावर बाईचं नाव असण्याचे ते दिवस नव्हते, त्यामुळे प्रत्यक्षात यादीत बायका मोजक्याच आल्या.

१९३५ च्या कायद्यानं साऱ्याची अट मुंबई प्रांतात ३२ वरून ८ रुपयांवर आणली, मॅट्रिक झालेल्याला मत दिलं आणि बायकांसाठी तीन नव्या वाटा काढल्या. एक, बाई साक्षर असेल तर. दोन, नवरा ठरावीक अटींत बसत असेल तर त्याची बायको म्हणून. तीन, पेन्शन मिळणारी सैनिकाची विधवा किंवा आई असेल तर. म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या, स्वतःच्या नावावर काही नसलेल्या बाईला मत मिळायचं तर ते घरातल्या पुरुषाच्या नावावरून.

याचे पडसाद पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत उमटले. १९५१-५२ साठी याद्या करताना उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहा. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ठाम राहिले: नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. कठोर निर्णय होता. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातल्या कितीतरी जणी स्वतःच्या नावानं यादीत आल्या, म्हणून मला तो पटतो.

आता कुरुंदवाडच्या शेजारी या. हेरवाड. मे २०२२ मध्ये या गावच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. या ठरावाचा मतदार यादीशी थेट संबंध आहे. घटनेनुसार ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली सगळी माणसं. यादीत नाव असलेली प्रत्येक विधवा तिची पूर्ण सभासद. जिला १९३५ च्या कायद्यात मृत नवऱ्याच्या पेन्शनीवर मत मिळत होतं, तिची नात आज त्याच सभेत हात वर करू शकते, कुणाचीही कुणी म्हणून नाही.

जाता जाता: कुरुंदवाडच्या बायका १९५१-५२ मध्ये मतदार होत्या. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ ला. आणि तिथल्या आपेनझेल इनररोडन नावाच्या चिमुकल्या प्रांतात स्थानिक मत मिळवायला १९९० साल उजाडलं, तेही न्यायालयाच्या आदेशानं.

एक गाव, एक यादी

१९०९ पासून १९४६ पर्यंत ब्रिटिश मुलखात धर्मावरून वेगळ्या याद्या होत्या. मुसलमान मतदार मुसलमान उमेदवारालाच मत देणार. घटनेच्या ३२५ व्या कलमानं हे मोडलं: एका मतदारसंघाला एकच यादी, आणि धर्म, वंश, जात, लिंग यावरून कुणालाही वगळायचं नाही.

कुरुंदवाडकरांना हे कलम समजावून सांगायची गरज नाही. इथे पाच मशिदींत गणपती बसतात. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पीर आणि गणपती एकाच छपराखाली असतात, आणि व्यवस्थेला दोन्हीकडची पोरं. अशा गावात मतदार यादीची दोन पुस्तकं करायची म्हटलं असतं तर ते गावाच्या अंगवळणी पडलं असतं का, हा प्रश्नच आहे.

याच परिसरात आणखी एक मोठी कडी आहे. २७ जानेवारी १९१९ रोजी सिडनहॅम कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभा राहिला. मालमत्तेची अट उंच ठेवली तर अस्पृश्य समाजातून मतदारच जवळजवळ निघणार नाहीत, हे त्यानं समितीला दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी, २१ आणि २२ मार्च १९२० ला, तोच तरुण माणगावच्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचा अध्यक्ष होता. माणगाव आज हातकणंगले तालुक्यात, कुरुंदवाडपासून फार लांब नाही. परिषदेला शाहू महाराज आले, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, या अर्थाचं बोलून गेले. तो तरुण म्हणजे डॉ. आंबेडकर. त्यांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनकडे सरळ प्रौढ मताधिकारच मागितला, आणि एकवीस वर्षांनी तो घटनेत घालणाऱ्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते.

त्या घटनेवर सही करणाऱ्यांत शिरोळ तालुक्याचाही माणूस आहे. निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार, संस्थानांतल्या प्रजापरिषदेच्या चळवळीत भूमिगत राहून लढलेले. पुढे इचलकरंजीचा पंचगंगा साखर कारखाना त्यांनीच उभा केला. मताचा हक्क देणारं ३२६ वं कलम ज्या सभेनं संमत केलं त्यात आपल्या तालुक्याचा प्रतिनिधी होता, हे शिरोळच्या प्रत्येक शाळेत पोरांना सांगायला हवं.

एकवीसचे अठरा, आणि चिकोडीचा खासदार

घटनेनं मताचं वय २१ ठेवलं होतं. ते १८ वर आणणारं विधेयक १३ डिसेंबर १९८८ रोजी लोकसभेत कुणी मांडलं? बी. शंकरानंद यांनी. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात तेव्हा जलसंपदा त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचा मतदारसंघ होता चिकोडी! तोच दूधगंगेपलीकडचा. लोकसभेनं १५ डिसेंबरला आणि राज्यसभेनं २० डिसेंबरला मंजुरी दिली. २८ मार्च १९८९ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभेला अठरा वर्षांची पोरं रांगेत उभी राहिली. ६१ वी घटनादुरुस्ती म्हणतात ती हीच. काही राज्यांनी स्थानिक निवडणुकांसाठी अठराचं वय त्याआधीच धरलेलं होतं. दिल्लीनं तो धागा पुढे नेला.

बाहेर बघाल तर ऑस्ट्रियानं २००७ मध्ये १६ केलं, ब्राझीलमध्येही १६ व्या वर्षी मत देता येतं. आणि कमाल वयाची अट? तीही एका ठिकाणी आहे. पोप निवडताना ८० पूर्ण झालेल्या कार्डिनलला मत नसतं. आपल्याकडे उलट, ८५ पूर्ण झालेल्या मतदाराला लोकसभा-विधानसभेला घरी बसून मत द्यायची सोय आहे.

१ जूनवाल्यांचा हिशेब

अठरा पूर्ण, पण कधी? मतदानाच्या दिवशी नव्हे. अर्हता दिनांकाला. हा शब्द अर्ज भरणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा, कारण घोटाळा इथेच होतो.

अनेक वर्षं अर्हता दिनांक एकच होता, १ जानेवारी. २ जानेवारीला जन्मलेल्यांचं सगळ्यात वाईट. एका दिवसानं चुकलं की अख्खं वर्ष थांबा. आणि महाराष्ट्रात १ जूनवाल्यांची तर पलटण आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली जन्मतारीख! प्रत्येक गावात, प्रत्येक पिढीत १ जूनचे वाढदिवस ढिगानं. ही सगळी मंडळी अठराची झाल्यावर सात महिने यादीबाहेर बसायची.

१ ऑगस्ट २०२२ पासून वर्षाला चार अर्हता दिनांक झाले: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आता १ जूनवाला महिन्याभरात पात्र ठरतो. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही देता येतो, तो तारीख आली की विचारात घेतात. नमुना क्रमांक ६ भरा, बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्या किंवा ऑनलाइन भरा.

पण सावध! नगरपरिषदेची गोष्ट थोडी निराळी. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी उचलतो आणि एक तारीख धरून ती गोठवतो. डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांसाठी ती तारीख होती १ जुलै २०२५. मतदान डिसेंबरात, पण ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्या पोराला थांबावं लागलं. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी हे आधीच ओळखून नाव घालावं. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही.

झटपट चार-सहा

तुरुंगात असलेला माणूस मत देऊ शकत नाही, मग तो शिक्षा झालेला असो की नुसता कच्चा कैदी. प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या माणसाला मात्र टपालानं मत देता येतं. आणि गंमत अशी, की खटला चालू असलेला कच्चा कैदी निवडणुकीला उभा राहू शकतो. २०१३ च्या दुरुस्तीनं तसं स्पष्टच केलं. स्वतःला मत देता येत नाही, लोकांची मागता येतात. हे मला खटकतं. दोष सिद्ध व्हायच्या आधी मत काढून घेणं जास्तच झालं, आणि त्याचा फटका बसतो तो जामिनाला पैसे नसलेल्या गरिबाला.

मनोविकल म्हणून नाव वगळायचं तर सक्षम न्यायालयानं तसं ठरवलेलं लागतं. घरच्यांचं म्हणणं, शेजाऱ्यांची कुजबुज, डॉक्टरची चिठ्ठी, काही चालत नाही.

समोरचा मतदार खोटा आहे असं मतदान प्रतिनिधीला वाटलं, तर तो तिथल्या तिथे आक्षेप घेऊ शकतो. अनामत किती? दोन रुपये, रोख. केंद्राध्यक्ष चौकशी करतो. आक्षेप नुसता त्रास द्यायला घेतलेला असेल तर दोन रुपये जप्त. १९६१ च्या नियमांतली ही रक्कम तशीच आहे.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून द्या आणि प्रदत्त मतपत्रिका मागा, ती हक्काची आहे.

डाव्या हाताची तर्जनी नसेल तर शाई त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला. डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या. तीही नसतील तर हाताच्या टोकाला. नियमात हे सगळं लिहिलेलं आहे, म्हणजे बोट नाही म्हणून कुणी मागे फिरू नये.

दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. माहेरचं नाव कमी न करता सासरी नाव घातलं, असं पोरींच्या बाबतीत सर्रास होतं. एकाच निवडणुकीत दोन्हीकडे मत दिलं तर दोन्ही मतं रद्द. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत अशा संभाव्य दुबार नावांपुढे राज्य आयोगानं दोन तारे छापायचं ठरवलं, म्हणजे केंद्रावर नीट पडताळणी व्हावी.

आणि अमेरिकेत, दुबईत नोकरीला गेलेला कुरुंदवाडकर? भारतीय पासपोर्ट असेल तर २०११ पासून त्याला पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव घालता येतं. मत द्यायला मात्र विमानानं इथे यावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की मत संपलं.

पूर आला, घर बुडालं, मत बुडालं का?

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर हा प्रश्न पुस्तकी नाही. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर या पट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं गुरांसकट बाहेर पडली. कुणी छावणीत, कुणी पाहुण्यांकडे जयसिंगपुरात, कुणी इचलकरंजीत. आणि २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान!

कायद्यात याचं उत्तर आहे. तात्पुरतं घर सोडलं म्हणून माणूस तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. भिंती पडल्या, चूल वाहून गेली, तरी यादीतलं नाव जागेवर. मतदार ओळखपत्र चिखलात गेलं तरी यादीत नाव असेल तर आधार, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक असे बाकीचे पुरावे चालतात. खरी पात्रता यादीत असते, कार्डात नाही. उलट कार्ड खिशात आणि यादीत नाव नाही, तर मत नाही. दर निवडणुकीला कुणीतरी याच कारणानं केंद्रावरून भांडत परत येतं.

मुळात १९५० च्या कायद्यात यादीत यायला त्या मतदारसंघात किमान १८० दिवस वास्तव्य लागे. पुढे दिवसांची ही मोजणी गेली आणि सर्वसाधारण रहिवास एवढंच राहिलं.

दिवसांची मोजणी गेली तरी एक मोठा समाज अडकून आहेच. दसरा-दिवाळीनंतर बीडकडचे ऊसतोड मजूर शिरोळ तालुक्यात उतरतात. पाच-सहा महिने फडाशेजारी पाल, पहाटे कोयता, रात्री बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर. घर बीडला, म्हणून मत बीडला, आणि ते योग्यच. पण २० नोव्हेंबर २०२४ चं विधानसभेचं मतदान ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर आलं. सैनिकाला टपाली मत मिळतं; कोयता घेऊन तीनशे किलोमीटर आलेल्या माणसाला आणि बाईला ते का मिळू नये? आपल्या साखरेचा गोडवा ज्यांच्या हातून येतो त्यांच्यासाठी ही सोय व्हायलाच हवी.

कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या पोरापोरींना मात्र निवड आहे: नाव घरच्या पत्त्यावर ठेवा किंवा वसतिगृहाच्या. आणि ज्याला घरच नाही, जो पुलाखाली झोपतो, त्यालाही नाव घालता येतं. बीएलओनं रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का हे बघायचं, आणि पत्त्याचा कागद मागायचा नाही.

जुन्या अटी अजून कुठे जिवंत आहेत?

शिक्षणाची अट १९५० मध्ये गेली म्हटलं खरं. पूर्ण नाही गेली. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात कोल्हापूर जिल्हा येतो. तिथे मतदार व्हायला अर्हता दिनांकाआधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली हवी. शिक्षक मतदारसंघात गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत शिकवलेलं हवं. प्राथमिकच्या गुरुजींना तिथे मत नाही. आणि ही यादी दर वेळी नव्यानं होते. गेल्या खेपेला नाव होतं म्हणून निवांत बसलेले पदवीधर ऐन वेळी बाहेर राहतात, तेही शिकलेले असून!

त्याहून छोटी यादी कोल्हापूर स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची. तिथे कुरुंदवाडच्या सामान्य नागरिकाला मत नाही, नगरसेवकांना आहे. त्या निवडणुकीच्या महिन्यात नगरसेवकांचा भाव वधारतो, हे गावात कुणाला सांगायला नको.

आणि जमीन? ती भेटते साखर कारखान्यात. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या निवडणुकीत तालुका जसा ढवळून निघतो तसा विधानसभेलाही क्वचित. ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर जमीन आणि ऊस हवा. पण सहकार कायद्यानं एक सुंदर गोष्ट केली: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. नव्या सभासदाला दोन वर्षं मतासाठी थांबावं लागतं. एका बाजूला ३२ रुपये साऱ्याचा जुना विचार आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस एक मत, दोन्ही एकाच संस्थेत नांदतात.

नगरपरिषदेत उभं राहणाऱ्याला तर मतदारापेक्षा कितीतरी अटी. वय २१ हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर मूल झालं असेल आणि एकूण मुलं दोनपेक्षा जास्त असतील तर उमेदवारी बाद. घरात शौचालय हवं. मतदाराला मुलं किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

सैनिक टाकळीची सून आणि जावई

कुरुंदवाडच्या शेजारी सैनिक टाकळी आहे. गावाच्या नावातच फौज. पिढ्यान्पिढ्या घराघरातून पोरं भरती होत आली. अशा गावासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. सीमेवर असलेला जवान प्रत्यक्षात टाकळीत राहत नाही, तरी तो सेवा मतदार म्हणून गावच्या यादीच्या शेवटच्या भागात राहतो, आणि त्याच्याबरोबर नेमणुकीच्या ठिकाणी राहणारी त्याची बायकोही. मतपत्रिका पूर्वी टपालानं जायची. २०१६ पासून ती इलेक्ट्रॉनिक मार्गानं पोचते, जवान तिची प्रत काढून मत नोंदवतो आणि टपालानं परत धाडतो.

या कलमात एक शब्द सत्तर वर्षं तसाच बसून होता: पत्नी. फौजेत पोरी अधिकारी झाल्या, तुकड्या सांभाळू लागल्या, तरी कायद्याच्या लेखी फौजी माणसाला बायकोच असणार होती. महिला अधिकाऱ्याबरोबर नेमणुकीच्या ठिकाणी राहणाऱ्या नवऱ्याला सेवा मतदार म्हणून नाव घालता येत नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त करून तिथे जोडीदार असं केलं. १९३५ मध्ये नवऱ्याच्या नावावर बायकोला मत मिळत होतं. आता टाकळीची एखादी लेक लष्करात अधिकारी झाली, तर तिच्यामुळे तिचा नवरा सेवा मतदार होतो.